मेन बंद करून थोडा वेळ

पडवीत बसा. खुर्ची नको, खाली बसा, म्हणजे पाठ चिऱ्याच्या भिंतीला टेकेल. श्रावण सरत आलेला आहे, दुपारची वेळ आहे, पावसाने जरा उसंत घेतली आहे आणि कौलांच्या पागोळ्या अजून खळ्यात गळताहेत. घर आपलंच धरा. मालवणच्या मेढ्यातलं असेल, आचऱ्याचं असेल, नाहीतर देवबागच्या त्या चिंचोळ्या पट्टीवरचं, जिथे एका हाताला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या हाताला समुद्र. आजोबांनी बांधलेलं, वडलांनी कधीतरी रंगवलेलं, आणि आता वर्षातले दहा-अकरा महिने कुलपात असणारं घर.

बसण्याआधी एक काम करा. मेन स्विच खाली ओढा.

आता ऐका. आधी फ्रिजची घरघर थांबते. माजघरातला पंखा दोन-चार फेरे स्वतःच्या वेगावर घेतो आणि पाती मोजता येतील इतका सावकाश होतो. मग घर गप्प होतं. ही शांतता आपल्या आजी-पणजीच्या ओळखीची होती. कंदील, चिमणी आणि समई यांच्या उजेडात हे घर कितीतरी वर्षं नांदलं, आणि वीज त्यात पाहुणी म्हणून फार नंतर आली. तिच्यासाठी भिंती फोडल्या नाहीत. भिंतीवरून, तुळईखालून, वाशांच्या कडेने तिला वाट करून दिली.

आज आपण त्या वाटेने चालायचं आहे, फक्त डोळ्यांनी. काही उघडायचं नाही, काही सोडवायचं नाही, स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा नाही. मेन बंद असला तरी मेनच्या अलीकडे, मीटरपर्यंतची तार जिवंत असते, हे मनात पक्कं असू द्या.

बाहेरून सुरुवात करा. रस्त्यावरच्या खांबावरून एक काळी तार माडांच्या झावळ्या चुकवत आपल्या वळचणीला येते. तिच्या पोटात बहुतेक ॲल्युमिनियमच असतं. खांबाखांबांवरून जाणाऱ्या तारासुद्धा ॲल्युमिनियमच्याच. तेव्हा या धातूबद्दल मनात अढी धरून बसू नका. तांब्याची घनता जवळपास नऊ, ॲल्युमिनियमची पावणेतीनसुद्धा नाही. इतकी हलकी तार आहे म्हणून तर दोन खांबांमधलं अंतर ती स्वतःच्या वजनाने न तुटता पेलते. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झालं, २००५ साली त्याचं विभाजन होऊन वितरणाचं काम महावितरणकडे गेलं, आणि एवढ्या वर्षांत खेड्यापाड्यांत वीज पोचवली ती मुख्यतः ॲल्युमिनियमने. बाहेर ती उघड्यावर, वाऱ्यात, योग्य जोडणीत असते. घरात शिरल्यावर काय होतं, ते बघायला आपण बसलो आहोत.

मीटरवर नजर टेकवा. बिलावर अजून आजोबांचंच नाव येत असेल. मीटरखाली चिनी मातीचे पांढरे किटकॅट फ्यूज, त्याखाली मेन. तिथून निघते लाकडाची पट्टी. दोन बोटं रुंद, भिंतीला खिळ्यांनी ठोकलेली, आणि तिच्यावर वीत-दीड वितीवर पत्र्याच्या छोट्या क्लिपा, वायरींना मिठीत घेतल्यासारख्या वळवलेल्या. या पट्टी-फिटिंगकडे आज सावकाश बघा. ती किती सरळ रेषेत गेली आहे. कोपऱ्यावर पट्टी कापून कशी बेमालूम जुळवली आहे. ज्या कुणी ती ठोकली त्याच्या हातात कसब होतं, आणि त्याने हे काम मन लावून केलं होतं.

त्याने वायर मात्र ॲल्युमिनियमची घातली. का घातली, ते समजून घेणं आवश्यक आहे, नाहीतर आपण उगाच जुन्या माणसांना दोष देत बसू.

त्याआधीच्या पिढीतल्या वायरी तांब्याच्या असत. हार्डवेअरच्या दुकानात अजूनही जुने कारागीर 'एक-अठरा', 'तीन-बावीस' अशा नावांनी वायर मागतात, ती नावं त्या काळातली. पण देशात तांबं थोडं होतं. बाहेरून आणायचं तर परकीय चलन लागे आणि त्याची चणचण होती. हिंदुस्तान कॉपर ही सरकारी कंपनीसुद्धा १९६७ साली निघाली. उलट बॉक्साइट आपल्याकडे मुबलक. रेणुकूटला हिंदाल्कोचा कारखाना १९६२ साली सुरू झाला होता. साठ आणि सत्तरच्या दशकांत घराघरांत ॲल्युमिनियमची वायर आली ती अशी. ज्याच्या घरात दोन बल्ब आणि एक रेडिओ लागणार होता, त्याला ती परवडली आणि पुरली. आजोबांनी जे मिळत होतं, त्यातलं चांगलं घेतलं.

अमेरिकेतही हेच झालं, कारण मात्र निराळं. १९६५ च्या सुमाराला तांबं महागलं आणि १९७३ पर्यंत तिथल्या लाखो घरांत ॲल्युमिनियमची वायर बसली. २८ एप्रिल १९७४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हॅम्पटन बेज इथे एका घराला आग लागून दोन माणसं गेली. भिंतीतल्या सॉकेटपाशी ॲल्युमिनियमच्या वायरची जोडणी बिघडली होती, असं अग्निशमन अधिकाऱ्यांनी ठरवलं. पुढे तिथल्या ग्राहकसुरक्षा आयोगाने पाहणीवरून सांगितलं, की १९७२ पूर्वी बनलेली ॲल्युमिनियमची वायर ज्या घरात आहे, तिथे एखादी तरी जोडणी आग लागण्याइतकी तापण्याची शक्यता तांब्याची वायर असलेल्या घराच्या ५५ पट आहे. वायर नव्हे, जोडणी. हा शब्द धरून ठेवा आणि माजघरात या.

माजघरातला बोर्ड. लाकडी पेटी, तिच्यावर काळी बटणं. इथे मला आमच्या घरातली एक संध्याकाळ सांगायची आहे.

मी कॉलेजात होतो. गणपती बसले होते, पहिलाच दिवस. मुंबईहून सगळे आलेले, घरात वीसेक माणसं. गणपतीच्या वर बांधलेल्या माटवीभोवती दिव्यांच्या माळा, प्रत्येक खोलीत पंखा, स्वयंपाकघरात खोबरं वाटायला मिक्सर, विहिरीवर पंप. दिवेलागणीला माजघरातला बल्ब मधूनच मंद होई, पुन्हा उजळे. आजी दोनदा म्हणाली, "दिवो लुकलुकता." आम्ही म्हटलं, गावात व्होल्टेज कमी असेल. तसं असतंही त्या दिवसांत. मग आरतीची तयारी चालू असताना आजी एकदम थांबली, नाक वर केलं आणि म्हणाली, "घरात माशांचो वास खंयसून येता?"

सबंध श्रावण पाळलेला. गणपती घरात. मासळीचा तुकडा उंबऱ्याच्या आत येण्याचा प्रश्नच नव्हता. कुणी मांजराला शोधायला लागलं, कुणी शेजाऱ्यांकडे बोट दाखवलं. वडील वासाच्या मागाने गेले आणि माजघरातल्या बोर्डापाशी थांबले. तळहात बोर्डाला टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. त्यांनी मेन खाली ओढला. त्या रात्री आरती समईच्या उजेडात झाली.

बटणं आणि सॉकेट ज्या प्रकारच्या प्लास्टिकची बनतात, त्यातली काही तापून करपायला लागली की खरंच मासळीसारखा वास येतो. जगभरातल्या इलेक्ट्रिशियनांना ही खूण ठाऊक आहे. आपल्या किनाऱ्यावर मात्र ती फसवी आहे. एरवीच्या दिवसांत मालवणातल्या घरात माशांचा वास आला म्हणून कोण दचकणार? तो वास आजीने ओळखला, कारण त्या दिवशी त्याला घरात असायचं काही कारण नव्हतं. श्रावण पाळला नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करतो.

दुसऱ्या दिवशी वायरिंगवाला आला. त्याने बोर्ड उघडला आणि वडलांना जवळ बोलावून दाखवलं. "वायर बरी आसा हो काकानू," तो म्हणाला, "सांधो तेवढो जळलो."

तो सांधा आता आपण बघायचा. डोळे मिटलेत तरी चालेल. बटणाच्या मागे एक पितळेची खाच आहे, तिच्यात एक बारीक स्क्रू आहे आणि त्या स्क्रूखाली वायरचं टोक दाबलेलं आहे. हे सगळं मिळून तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढं. मनात ते मोठं करा, नारळाएवढं होऊ द्या. वायरचं टोक रुपेरी दिसतंय. सोलताना ते लखलखीत होतं. पण ॲल्युमिनियमला हवा लागली की ते क्षणात कातडी धरतं. डोळ्यांना न दिसणारी, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ कातडी. धातू आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ती होते. माणिक आणि नीलम ही रत्नंही मुळात त्याच पदार्थाची. कातडी कठीण असते आणि तिच्यातून वीज जात नाही. आतला धातू ६६० अंशांना वितळतो, ही कातडी २,००० अंशांच्या वर जाईपर्यंत वितळत नाही. स्क्रू आवळला तेव्हा त्याने ती कातडी काही ठिकाणी फोडली आणि धातूला धातू भिडला. तेवढ्याच जागांमधून सगळी वीज जाते.

आता प्रवाह सुरू झाला असं धरा. वायर किंचित तापते आणि फुगते. ॲल्युमिनियम तांब्याच्या जवळपास दीडपट फुगतं, लोखंडाच्या तर दुप्पट. पण वर स्क्रू दाबून बसलेला. फुगायला जागा नाही, म्हणून मऊ धातू बाजूला सरकतो, दाबलेल्या मेणासारखा. प्रवाह थांबतो, वायर निवते, आक्रसते. सरकलेला धातू परत येत नाही. स्क्रूखाली केसभर फट राहते. त्या फटीत हवा शिरते आणि उघड्या पडलेल्या धातूवर नवी कातडी चढते. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. रोज दिवा लागतो, रोज दिवा मालवतो, आणि स्क्रू कुणी हातही न लावता सैल होत जातो.

इथे थोडं रेंगाळा. वीस-पंचवीस वर्षांच्या संध्याकाळी मोजून बघा.

फटीतून वीज जायला अडते. किती अडते ते आकड्यात बघू. समजा त्या सांध्याचा अडथळा अर्धा ओहम झाला. आजोबांच्या काळातला साठ वॅटचा बल्ब आणि एक पंखा त्यावर चालवला, तर सांध्यात एक पंचमांश वॅटही उष्णता होत नाही. बोट लावलं तरी कळणार नाही. आता त्याच सांध्यातून दोन किलोवॅटचा गीझर चालवा. प्रवाह पंधरापट झाला आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. सुमारे ३८ वॅट. म्हणजे लाकडाच्या बंद पेटीत, तांदळाच्या चार दाण्यांएवढ्या जागेत, चाळीसच्या बल्बची सगळी धग. आणि फ्यूजला यातलं काहीही कळत नाही, कारण प्रवाह जास्त झालेलाच नाही. जेवढा गीझरला लागतो तेवढाच जातो आहे. फ्यूजच्या जागी आपोआप पडणारी नवी एमसीबी लावली तरी तिलाही कळणार नाही. फ्यूज प्रवाह मोजतो. सांध्याची धग त्याला दिसत नाही. ती हाताला कळते, नाकाला कळते, लुकलुकणाऱ्या दिव्यावरून कळते, तेही घरात माणूस असेल तर.

आता खिडकीकडे तोंड करा. पश्चिमेचा वारा आत येतो आहे. ओठांवरून जीभ फिरवलीत तर खारट लागेल.

ॲल्युमिनियम आणि तांबं एकमेकांना पिळून जोडलं आणि त्यावर हा खारा दमट वारा बसला, की तिथे एक छोटी बॅटरी तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजतं, तांबं तसंच राहतं. हे समजायला आपल्याला पुस्तक नको, बंदरावर जावं. ट्रॉलरच्या पंख्याजवळ जस्ताची वडी बसवलेली असते. खाऱ्या पाण्यात पितळेचा पंखा आणि लोखंड यांच्यात जी झीज व्हायची ती जस्ताने आपल्यावर घ्यावी, म्हणून. ती वडी खाऊन संपली की खलाशी नवी बसवतो. घरात मात्र जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरला नव्या तांब्याच्या वायरचा तुकडा पिळून, वर काळी टेप गुंडाळून ठेवला जातो, आणि त्या टेपच्या आत कोण कुणासाठी झिजतंय ते बघायला कुणी जात नाही. आमच्या बोर्डात त्या दिवशी अशा एका पिळावर पांढरी भुकटी होती, रांगोळीसारखी. ते वायरीचं झिजलेलं ॲल्युमिनियम होतं.

वायरिंगवाल्याने जळका तुकडा कापला, टोक तासलं, नवं बटण लावलं आणि स्क्रू आवळून दिला. आम्ही समाधान मानलं आणि पुढे कितीतरी वर्षं त्याच वायरिंगवर चतुर्थी साजरी केली. आवळलेला स्क्रू पुन्हा सैल होणारच होता. घरात अशा पन्नास-साठ जोडण्या होत्या आणि आम्ही एकच पाहिली होती. याची रुखरुख मला आहे, आणि हे लिहायला बसलो त्याचं ते एक कारण आहे.

पाठीमागच्या चिऱ्यावर तळहात ठेवा. जरा गार, खरखरीत, भोकाभोकांचा. हा जांभा खाणीतून निघतो तेव्हा ओलसर आणि मऊ असतो, हत्याराने सहज तासला जातो. हवा लागली, वाळला, की घट्ट होतो. म्हणजे तोही हवेत कातडी धरणाऱ्यांतला. त्याचं आणि ॲल्युमिनियमचं नातं याहून जवळचं आहे. हजारो-लाखो वर्षांच्या पावसाने खडकातलं बाकी सगळं धुऊन नेलं आणि लोखंड व ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्यातून जांभा झाला. ज्या ठिकाणी लोखंडही बरंच धुपलं तिथे बॉक्साइट झालं. इथून वर घाटमाथ्यावर, कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीकडच्या सड्यांवर, त्याच्या खाणी आहेत. भिंत आणि तिच्यावरची वायर एकाच गोतावळ्यातली निघाली. मला हे कळलं तेव्हा त्या वायरीवरचा राग बराच ओसरला.

तांबंही कुणाच्यातरी दारातून येतं. नव्वदच्या दशकात रत्नागिरीला तांबं शुद्ध करण्याचा स्टरलाइटचा मोठा कारखाना उभा राहत होता. आंबा-मासळीवर जगणाऱ्या लोकांनी विरोध केला, काम थांबलं आणि कारखाना तामिळनाडूत तूतुकुडीला गेला. तिथे मे २०१८ मध्ये त्याच्याविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार होऊन १३ माणसं मारली गेली, आणि कारखाना बंद पडला. घरात तांब्याची वायर घालायची ती घालायचीच, तिला पर्याय नाही. पण वायरचं नवं लाल भेंडोळं हातात घेताना हे आठवलं तर बरं. मग तिचा एक हातही वाया घालवावासा वाटत नाही.

आता डोळे उघडा आणि घरातून एक फेरी मारा. जुनी वायर जशी होती तशीच आहे, पण तिच्या टोकाला काय काय लागलं आहे ते बघा. जिथे पूर्वी बल्ब होता त्याच पट्टीवरून आता फ्रिज चालतो. न्हाणीघरात चुलीवरच्या हंड्याच्या जागी गीझर आला. तारकर्लीला पर्यटक वाढले तशी आजूबाजूच्या कितीतरी घरांत दोन खोल्या होमस्टेला निघाल्या आणि त्यात एसी बसले. पाहुणा रात्रभर एसी लावून निजतो. त्याच्या उशामागच्या भिंतीत कुठली वायर आहे हे त्याला माहीत नसतं, आणि पुष्कळदा घरमालकालाही नसतं. ज्याने अनोळखी माणसाला आपल्या छपराखाली झोपायला बोलावलं, त्याने हे आधी बघायला हवं. यात मला कसलीही सवलत देता येत नाही.

आणि चतुर्थी. कुलूपबंद घरातले सांधे पावसाळाभर खारी ओल पीत बसतात. भाद्रपदात दार उघडतं आणि एका दिवसात सगळा भार त्यांच्यावर पडतो. वर गावभर दिवे लागलेले, व्होल्टेज उतरलेलं. कमी व्होल्टेजला पंपाची आणि फ्रिजची मोटर उलट जास्त प्रवाह ओढते. माणसं घरभर, पोरं माळ्यावर झोपलेली, माटवीखाली आरास, कागद, थर्माकोल, पडदे. घर ज्या दिवसांत सर्वांत भरलेलं असतं, तेच दिवस त्या सांध्यांना सर्वांत जड. हे मनात येऊ द्या. घाबरू नका, पण चटकन बाजूलाही सारू नका.

मग निर्णयाकडे वळा. पहिली अडचण बहुधा वायरीची नसते. घर सामायिक आहे. सातबाऱ्यावर आणि घरपत्रकावर डझनभर नावं, एक काका बोरिवलीला, एक बडोद्याला, चुलतभाऊ दुबईत. गणपतीला सगळे येतात, खर्चाचं नाव निघालं की "पुढच्या वर्षी बघू". रंग द्यायला पैसे जमतात, कारण रंग दिसतो. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा मी एक सुचवीन. सगळे जमले असताना, दिवसाउजेडी, मेन बंद करून, इलेक्ट्रिशियनकडून माजघरातला एक बोर्ड उघडून घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला त्यात डोकावू द्या. आमच्याकडे शेवटी तसं केलं, तेव्हा काळवंडलेलं बटण आणि पांढरी भुकटी बघितल्यावर कुणी पुढच्या वर्षीचं नाव काढलं नाही.

करायचं काय, तर पूर्ण वायरिंग बदलायचं. अमेरिकेत वायर भिंतींच्या आत बंद, म्हणून तिथे प्रत्येक टोकाला तांब्याचा तुकडा खास दाबजोडणीने किंवा ॲल्युमिनियम-तांब्यासाठीच बनवलेल्या कनेक्टरने जोडण्याचे मार्ग काढावे लागले. आपलं भाग्य, की आपली वायर भिंतीवर आहे. पट्टी उतरवली की वायर हातात येते. भिंत फोडायची नाही, चिरा दुखवायचा नाही, नव्या केसिंगमधून किंवा पाइपमधून तांबं फिरवायचं. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, सॉकेटना अडीच, गीझर आणि एसीला चार, आणि त्यांची लाइन मेनपासून वेगळी. किटकॅटच्या जागी एमसीबी, शिवाय ३० मिलिअँपियरची आरसीसीबी, जी माणसाला झटका बसताच पुरवठा तोडते. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट मागून घ्या. आणि जुन्या वायरचा एकही तुकडा "माळ्यावर एकच बल्ब आहे" म्हणून शिल्लक ठेवू नका. एक दिवस त्या बल्बच्या जागी कुणीतरी कूलर लावतो.

सगळं एकदम झेपत नसेल तर तोपर्यंत गीझर, एसी, इस्त्री, पंप जुन्या वायरवरून काढा आणि त्यांच्यापुरती तांब्याची नवी लाइन थेट मेनपासून घ्या. जुन्या वायरीवर दिवे आणि पंखेच राहू द्या. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालू नका. आणि घर सोडताना मेन बंद करून जा.

अर्थिंगचा खड्डा विसरू नका. परसात, नाहीतर तुळशीच्या मागे कुठेतरी असतो तो, मीठ-कोळसा घालून बुजवलेला. आपला जांभा पाणी धरत नाही. वैशाखात खड्डा कोरडा ठणठणीत होतो आणि जमिनीत जाणारी वाट बंद पडते. उन्हाळ्यात तिथे अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं लागतं. आमच्या शेजारच्या काकी तुळशीला घालतात त्याच तांब्यातलं उरलेलं पाणी रोज त्या खड्ड्यात ओततात. त्यांना कुणी कारण सांगितलं नव्हतं, फक्त सासऱ्यांनी घालायला सांगितलं होतं.

कामाचा मुहूर्त मात्र हिवाळ्यातला किंवा शिमग्यानंतरचा धरा, भिंती सुकलेल्या असताना. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने इथले खांब आडवे केले, कौलं उडवली, पाणी थेट वाशांवरच्या वायरींवर पडलं. कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. लाइट आल्यावर सगळ्यांना इतका आनंद झाला, की भिजलेली वायर तपासून मगच मेन वर करावा हे फार थोड्यांना सुचलं. आम्हाला सुचलं. वायरिंगवाल्याने वायरीचं वेष्टण तपासणारा मेगर लावून बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. आमच्या घराचं वायरिंग त्या वर्षी बदललं.

आता उठायच्या आधी शेवटचं एकदा पट्टीवरून नजर फिरवा, मीटरपासून माळ्यापर्यंत. कुठे बटणाभोवती भिंत तपकिरी झाली आहे का, कुठे बटण दाबताना चुरचुर ऐकू येते का, कुठे पंखा लावला की दिवा डोळे मिटतो का. त्या जागा ध्यानात ठेवा. उद्या सकाळी इलेक्ट्रिशियनला फोन करा आणि एकेक जागा दाखवा.

आमच्याकडे पट्टी उतरवली तेव्हा पांढऱ्या वायरीचं एक भेंडोळं निघालं. सबंध घराची वायर, आणि एका हाताने उचलली, इतकी हलकी. भंगारवाल्याला देण्याआधी वडलांनी त्यातली पाचेक हात वायर सोलून ठेवली. मऊ, हाताने वळणारी, न गंजणारी. दर चतुर्थीला माटवी बांधताना ती अडगळीच्या खोलीतून काढतात. कवंडळं, आंब्याचे टाळे, तेरडा, सुपारीचे घोस आणि मधोमध नारळ, सगळं तिनेच बांधलेलं असतं.